हरिपाठ अडखळतो तेव्हा

(नाव, गाव आणि ओळख पटेल असा तपशील पत्रलेखिकेच्या इच्छेनुसार गाळला आहे.)

पत्राचा सारांश: वय 26. घर सोलापूर जिल्ह्यात, पालखीच्या वाटेवर. आजोबांपासून वारी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकली नाही. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, कोरकू आदिवासींच्या एका गावात, दोनशिक्षकी शाळेवर शिक्षण सेवक म्हणून नेमणूक मिळाली. हे दुसरं वर्ष. ‘पांडुरंगानंच सेवेला पाठवलं’ या भावनेनं त्या आल्या आणि रोज शाळा सुटण्याआधी अर्धा तास मुलांकडून हरिपाठ म्हणून घेऊ लागल्या. मुलंही टाळ्या वाजवत आनंदानं म्हणायची. गेल्या श्रावणात पहिलीतल्या एका मुलाची दहा महिन्यांची बहीण आजारी पडली. श्वास भरभर चालला होता, पोट हापसत होतं. घरच्यांनी भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे नेलं, पोटावर डंबा, म्हणजे तापल्या लोखंडाचा डाग दिला गेला. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वाटेवर बाळ गेलं. त्या दिवशी एकादशी होती आणि पत्रलेखिका दिवसभर देवाला साकडं घालत होत्या. तेव्हापासून हरिपाठ तोंडात अडखळतो. शेजारच्या घरात रविवारी येशूची प्रार्थना होते, तिथल्या माणसाची दारू सुटली. ‘त्यांचा देव ऐकतो, माझा का नाही?’ असं मनात येतं. पेरणीआधी गावानं मुठवा देवाच्या पूजेला बोलावलं होतं, पण कोंबडं कापतात म्हणून गेल्या नाहीत. आता होळीला मेघनाथाच्या जत्रेचं बोलावणं आहे. आई म्हणते बदली घे. माझी श्रद्धा संपली का, शाळेतला हरिपाठ चालू ठेवू का, जत्रेला जाऊ का आणि इथं राहू का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

आधी त्या बाळाबद्दल बोलू, कारण तुमचे चारही प्रश्न तिथूनच निघालेत.

‘मी हाक मारली आणि त्यानं ऐकलं नाही,’ असं तुम्ही लिहिता. हे वाक्य थोडं बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्या तीन दिवसांत काय काय घडलं ते क्रमानं लिहून काढा. खोकला कधी सुरू झाला, दूध पिणं कधी कमी झालं? आई तेव्हा निंदणीला जात होती का, आणि जात असली तर बाळ कोणाजवळ असायचं? आशाताईंना कोणी आणि कधी सांगितलं? फोनला रेंज मिळायला माणूस कुठल्या टेकडीवर गेला? 108 लागला का, लागला असेल तर गाडी कुठपर्यंत येऊ शकली? नाल्याला पूर होता का? शेवटी गाडी कोणाची मिळाली आणि भाडं कोणी दिलं? तुम्हाला जे माहीत नाही ते आशाताईंना, अंगणवाडीताईंना विचारा. बाळाच्या घरी मात्र हे प्रश्न घेऊन जाऊ नका.

कागद भरत जाईल तसं दिसेल की यातली एकेक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या हातातली होती. रस्त्याचं काम एका खात्याचं, टॉवरचं दुसऱ्याचं, गाडीची सोय ग्रामपंचायतीला करता आली असती, आणि धोक्याची लक्षणं ओळखणं कोणालाही शिकता आलं असतं. देवाची बाजू मांडण्यासाठी हा कागद नाही, आणि तुमच्यावर ठपका ठेवण्यासाठी तर मुळीच नाही. एका मुलीच्या मरणाचं सगळं ओझं तुम्ही स्वतःच्या एका दिवसाच्या प्रार्थनेवर टाकलंय. ते तिथं ठेवलं तर तुम्ही रोज खचत जाल आणि पुढच्या पावसाळ्यात गावात काहीच बदललेलं नसेल.

आता थोडं वैद्यकीय. डोंगरातल्या प्रत्येक शिक्षकाला हे यायला हवं. पोट हापसतं तेव्हा दुखणं बहुधा पोटात नसतंच. न्यूमोनियात बाळाला श्वास ओढायला जोर लावावा लागतो, म्हणून पोट भात्यासारखं वरखाली होतं. पाहणाऱ्याला वाटतं पोटात काही शिरलंय, आणि मग पोटावर विळा नाहीतर तापवलेली सळई टेकवली जाते. आधीच दमलेल्या बाळाला वर भाजल्याची जखम होते आणि दवाखाना गाठायचे दोन दिवस वाया जातात. श्वास मोजायला यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचं कापड वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त असेल तर तो भरभर समजायचा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सगळं ओकून टाकत असेल, झटके आले असतील किंवा हाक मारून डोळे उघडत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. गाडी येईपर्यंत बाळ आईच्या अंगाशी, उबेत. पिऊ शकत असेल तर अंगावरचं दूध चालू.

जुलाबाचं बाळ असेल तर जलसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाकायचं. अर्धं पाकीट ग्लासात टाकलं की प्रमाण चुकतं, आणि घाईत नेमकं तेच होतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्यानं. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे असतात, त्या 14 दिवस द्यायच्या. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी बंद करायच्या नाहीत.

हे सगळं तुम्ही डॉक्टर व्हावं म्हणून सांगत नाही. तुमच्या पहिली-दुसरीतल्या निम्म्या मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळतात. पावसाळ्यात आई शेतावर असते तेव्हा बाळ आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर असतं आणि त्या मुलीची हजेरी बुडते. तिला सांगा, बाळ घेऊन शाळेत ये. मागे एक गोधडी पसरून ठेवा. मुलगी शिकेल, आणि ते बाळ रोज एका शहाण्या नजरेखालून जाईल. अंगणवाडीताईंकडे दंडघेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषित, 11.5 ते 12.5 च्या मध्ये भरला तर मध्यम. असं बाळ दिसलं की त्याच दिवशी त्यांना सांगा.

भुमकाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण पत्रात त्यांच्याबद्दलचा राग ओळीओळीत आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तरी एकदा त्या घराच्या बाजूनं पाहा. भुमका रात्री दोनलाही दारात असतो, कोरकूत बोलतो, ओरडत नाही आणि पैशांसाठी अडत नाही. दवाखाना म्हणजे दोघांची मजुरी बुडणार, घरी राहिलेली मुलं उपाशी, आणि तिथं गेल्यावर ‘इतका उशीर का केला?’ म्हणून मराठीत बोलणी. कुपोषित बाळांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रात 14 दिवस राहायला लागतं आणि त्या काळात आईला बुडीत मजुरी मिळते, हे कित्येक घरांना माहीतच नसतं. त्यांना देव कळत नाही किंवा लेकराची माया नाही, म्हणून त्यांनी डंबा दिला असं नाही. डाग देणं, बिब्बा घालणं हे आपल्या मुलखातल्या गावांतही कालपरवापर्यंत होतंच.

म्हणून भुमकाला गाठायचं ते संकटाच्या रात्री नाही, आत्ता, शांत दिवसांत. एकटीनं जाऊ नका; आशाताई आणि गावातलं एखादं कोरकू वडीलधारं माणूस सोबत घ्या. ‘तुमचं बंद करा’ असं म्हणाल तर बोलणं तिथंच संपेल. धागा बांधा, अंगारा लावा, देवाला विचारा, त्याला आमची ना नाही; फक्त डाग नको, आणि बाळ असं असं दिसलं की तुम्हीच घरच्यांना सांगा की गाडी बोलवा, एवढंच मागा. श्वास कसा मोजायचा ते त्यांना दाखवा. मेळघाटात आरोग्य खात्यानं भुमकांच्या बैठका घेऊन त्यांना सोबत घेण्याचे प्रयत्न केले आहेत, ते यासाठीच. त्यांच्या शब्दावर बाळ दवाखान्यात पोहोचलं तर गावात त्यांचा मान राहतो, आणि पुढचं बाळ लवकर पोहोचतं. कायदा आहेच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा तुम्हाला आधार आहे, आणि सगळं सांगूनही डंबा दिला जात असेल तर मुलाच्या बाजूनं तक्रार करावीच लागेल. (त्याच कायद्यानं कीर्तन, भजन, वारीला हात लावलेला नाही, हे वारकरी घरात मुद्दाम सांगण्यासारखं आहे.) पण पहिलं पाऊल पोलीस ठाण्याचं टाकलं तर पुढच्या वेळी बाळ लपवलं जातं.

आणि तो तीन दिवसांचा कागद ग्रामसभेत न्या. धारणी आणि चिखलदरा दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो आणि आरोग्य-शिक्षण हे त्याच्या खर्चाचं एक क्षेत्र आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तातडीच्या गाडीचं भाडं कोण देणार, फोन कुठून लावायचा, नाला भरला तर पलीकडे गाडी कुठं थांबेल, याचा ठराव आषाढाआधी करून घ्या. तो कोणा गावकऱ्यानं मांडू द्या, लिहायला तुम्ही मदत करा. बाळाचं नाव ठरावात घालू नका.

आता तुमच्या श्रद्धेबद्दल.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. देवानं मला इथं पाठवलं, म्हणजे माझ्या हातून इथं चांगलंच घडेल, ही पहिली. खरी श्रद्धा असेल तर शंका येणार नाही, ही दुसरी. तिसरी शब्दांत आलेली नाही, पण ‘या लोकांपर्यंत नाम पोहोचवायचं होतं’ या ओळीत ती आहे: इथं येईपर्यंत या डोंगरात देव नव्हता.

पहिलीतच सगळ्यात मोठी अडचण आहे. सेवा हीच भक्ती मानली की कामाचा निकाल हा देवाचा जवाब वाटायला लागतो. मुलं वाचायला लागली की देव प्रसन्न, बाळ गेलं की देव पाठमोरा. त्या आईचं दुःख तिचं आहे, तुमच्या भक्तीची परीक्षा घ्यायला ते घडलेलं नाही. पत्रात त्या आईबद्दल एकच ओळ आहे, ‘आई रडत होती’, आणि नंतर ती पत्रात कुठंच नाही. गेला नसाल तर तिच्याकडे जा. गावातल्या एखाद्या बाईला सोबत घ्या, अर्धा तास बसा. समजावू नका, देवाचं नाव काढू नका, दवाखान्याचंही नको. तिला बोलावंसं वाटलं तर कोरकूत बोलू द्या. सगळं कळलं नाही तरी चालेल. एकदा जाऊन थांबू नका, महिन्या-पंधरा दिवसांनी पुन्हा जा. पहिलीतल्या तिच्या मुलाकडेही लक्ष ठेवा. बहीण गेल्यावर मुलं गप्प होतात नाहीतर फार दंगा करतात, आणि वर्गात दोन्हींचा अर्थ ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा लावला जातो.

दुसऱ्या गृहीतकाला तर तुमच्याच परंपरेत जागा नाही. 1630 च्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, घर बुडालं, आणि त्यानंतरची त्यांची देवाशी बोलणी काही सगळी गोड नाहीत. नामदेव रुसतात, जनाबाई विठोबाला तोंडावर बोल लावते. आजोबांच्या फडावर हे अभंग तुम्ही टाळ वाजवत म्हटले असतील. तेव्हा ते दुसऱ्या कोणाचे होते. आज तशीच वेळ तुमच्यावर आली आहे. देवावर रागावणारं माणूस देवापासून सुटलेलं नसतं. ‘तू का ऐकलं नाहीस?’ हे तुम्ही अजूनही त्यालाच विचारताय. त्यामुळे श्रद्धा संपली असं मला वाटत नाही. ती कदाचित बदलेल, कदाचित पुढे विरूनही जाईल, आणि तसं झालं तरी तुम्ही चांगल्या शिक्षिका आणि चांगलं माणूस राहाल. तो निकाल या वर्षी लावायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात निसटून आली आहे: ‘इथं माळ घातलेली मी एकटीच.’ वारकऱ्याची भक्ती ही मुळात सोबतीची भक्ती. दिंडी, फड, माऊली म्हणून एकमेकांच्या पाया पडणं. तुम्ही लहानपणापासून कधी एकट्यानं हरिपाठ म्हटलाच नसेल. खोलीवर एकट्यानं बसल्यावर जे रितं वाटतं त्यातला मोठा वाटा त्या सोबतीच्या आठवणीचा आहे. म्हणून रोजचा नेम लहान करा. पूर्ण हरिपाठ नको, एक अभंग पुरे. तोही तोंडात आला नाही तर माळ हातात घेऊन दहा मिनिटं बसा आणि उठा. मन लागलं का, डोळे भरले का, हे तपासू नका. रेंज येते त्या ठिकाणी आठवड्यातून एकदा जाऊन आईबरोबर फोनवर म्हणा. महिन्यातून एकदा परतवाडा-अमरावतीकडे उतरता तेव्हा तिथल्या एखाद्या भजनी मंडळात जाऊन बसा. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर तुमच्याच जिल्ह्यात आहे, आणि तिथली पालखीही पंढरपूरला जाते. सुट्टीत एकदा जाऊन या. ज्या दिवशी शाळेपर्यंत चढ चढून जायचा असेल त्या दिवशी निर्जळी एकादशी करू नका, पाणी आणि फराळ घ्या.

शाळेतला हरिपाठ मात्र थांबवा. हे स्पष्ट सांगायला हवं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचा अनुच्छेद 28 सांगतो, आणि जिल्हा परिषदेची शाळा त्यात सरळ येते. पण कायद्यापेक्षाही मला त्यामागचं कारण मोलाचं वाटतं. तुमच्या हातात हजेरी आहे, खिचडीचं ताट आहे, दाखला आहे. अशा माणसाला ‘आमच्या मुलाला हे नको’ असं कोणता कोरकू बाप म्हणेल? म्हणून त्याच्या गप्प राहण्याला होकार समजू नका. इतर शाळांत सरस्वतीपूजन चालतं, मग हरिपाठच का नको, असं सहकारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण कुठं काही चालतं म्हणून ते आपल्या वर्गात योग्य ठरत नाही.

थांबवताना मुलांना ओरडल्यासारखं वाटू देऊ नका. त्यांना आवडत होता तो ताल, एकत्र म्हणणं, टाळ्या. ते तसंच ठेवा आणि त्या अर्ध्या तासात त्यांची गाणी आणा. गदली-सुसून नाचाची गाणी गावातल्या बायकांना येतात. आठवड्यातून एकदा दोघीतिघींना शाळेत बोलवा, चौथीच्या मुलांना ती देवनागरीत लिहून घेऊ द्या. त्यातले शब्द पहिलीच्या फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला हरिपाठातलाच काय, पाठ्यपुस्तकातला शब्दही परका असतो, आणि पाठांतर चांगलं झालं की समजलंच असं आपल्याला वाटतं. शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो. रोज पाच शब्द उतरवलेत तरी दिवाळीपर्यंत तुमच्याकडे वर्गाचाच एक शब्दसंग्रह तयार होईल, आणि पुढच्या शिक्षकाला तो आयता मिळेल.

माळेचा आणखी एक प्रसंग येऊ शकतो, म्हणून आत्ताच सांगते. मुलांना अंडं द्यायची वेळ आली तर हात आखडू नका. माळेचा नियम तुमच्या ताटाला आहे. जे मूल आधीच हडकुळं आहे त्याच्या ताटातलं अंडं कमी करण्याचा अधिकार ती माळ देत नाही. शिवायला नको वाटत असेल तर वाढपाचं काम स्वयंपाकी ताई करतील. नोंद आणि मोजणी तुम्ही करा.

तिसऱ्या गृहीतकाचं उत्तर जत्रेतच आहे. जा.

या डोंगरात देव तुमच्या आधीपासून आहेत. मुठवा गावाची राखण करतो, मेघनाथाचा खांब होळीला पुजला जातो. कोरकूंच्या उत्पत्तिकथेत तर महादेवानं वारुळाच्या लाल मातीतून मुला आणि मुलाई हे पहिलं जोडपं घडवलं, तेही रावणाच्या विनंतीवरून. म्हणून रावणाबद्दल वर्गात बोलताना जपून बोला. दसऱ्याच्या धड्यात ‘राक्षस’ म्हणून हसणं इथं कोणाच्या तरी घरी लागतं. पूजेला बोलावणं म्हणजे तुम्हाला गावात धरलं आहे. तुम्ही गेला नाहीत तेव्हा गावाला कोंबड्याचं कारण कळलं असेल असं नाही; बाईंना आमचा देव चालत नाही, एवढंच कळलं असेल. आधीच घरधन्याला सांगा, ‘मी माळकरी आहे, कोंबड्याचा प्रसाद आणि मोहाची मला चालत नाही, मला नारळाचं खोबरं द्या.’ हे आदिवासी गावात सहज समजून घेतलं जातं, नवस-व्रतांची पथ्यं त्यांच्यातही असतात. नारळ न्या, थांबा, नमस्कार करा. कापायच्या वेळी बाजूला व्हावंसं वाटलं तर पोरांबरोबर जरा लांब उभं राहा; नाक मुरडू नका आणि त्या दिवशी प्रबोधनही नको. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले, जत्रेतल्या बळीविरुद्ध ते आयुष्यभर बोलले. पण आधी खराट्यानं गाव झाडायचे, मग रात्री कीर्तनात बोलायचे. होळीचे पाच दिवस वाटेवर मुलं दोर धरून फगवा मागतील. सुटे पैसे जवळ ठेवा आणि हसून द्या.

शेजारच्या रविवारच्या प्रार्थनेबद्दल थोडंच सांगते. त्या माणसाची दारू सुटली याचा आनंद माना. ती त्याच्या प्रार्थनेमुळे सुटली असेल, दर आठवड्याला वाट पाहणाऱ्या माणसांमुळे असेल, दोन्हींमुळे असेल. तुमच्या देवाच्या हरण्याचा तो पुरावा नाही. गावात या प्रार्थनेवरून तट पडले तर शाळा कोणत्याही तटात नसावी. दोन्ही घरची मुलं एकाच पंगतीत बसतील एवढं तुम्ही पाहा. तुम्हाला स्वतःला तिकडे ओढ वाटली तर त्यात पाप नाही, पण दुःख ताजं असताना माळ काढण्याचा किंवा दुसरी काही घालण्याचा निर्णय घेऊ नका. वर्ष जाऊ द्या.

झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि शाळेतून आल्यावर जेवावंसं वाटत नाही असंही. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर त्याला श्रद्धेचा प्रश्न समजून अंगावर काढू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. अमरावतीला जाल तेव्हा डॉक्टरांनाही भेटा. औषध घेतल्यानं भक्ती उणी होत नाही.

राहता राहिली बदली. शिक्षण सेवकाचा 3 वर्षांचा काळ पुरा होईपर्यंत तसाही तो मार्ग मोकळा नाही, त्यामुळे आईला ‘अजून दीड वर्ष तरी इथंच’ असं सांगितलं तर ते खोटं नाही. पुढे अवघड क्षेत्रातल्या सेवेचा बदलीत विचार होतो. तेव्हाचा शासन निर्णय वाचून ठरवा. 16,000 रुपयांच्या मानधनात खोलीचं भाडं, घाटातला प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे बसवताना ओढाताण होत असणार. बदली मागायला तेवढं कारणही पुरेसं आहे, त्यासाठी देव हरवल्याचं कारण जोडू नका. आणि राहिलात तर ‘देवानं ठेवलं’ म्हणून राहू नका. वर्गात बसणाऱ्या मुलांची नावं पाहा, त्यांना अजून काय यायचं बाकी आहे ते पाहा आणि त्यावरून ठरवा.

दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली घरं होळीला परत येतात. जत्रेच्या त्या आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन विचारा: मूल कुठं होतं, तिथं शाळेत गेलं का, होळीनंतर पुन्हा निघणार का आणि कोणत्या तारखेला. जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून बापाच्या हातात द्या, म्हणजे तिथल्या शाळेत मुलाला घेतील. आजी गावातच राहणार असेल तर मुलाला तिच्याजवळ ठेवायचं बोला. पुढच्या हंगामी वसतिगृहाच्या प्रस्तावासाठी ही यादी लागेल. दिवाळीच्या तोंडावर ती करायला बसलात तर निम्मी घरं कुलूप लावून गेलेली असतील.